मडगार्डमागचा सांधा

"मी सांगितलं तेव्हा कुणाला पटलं का, उस्ताद? आता गंज बघून तरी पटतंय का?"

हौसा मडगार्डवर बोट आपटत होती. कोल्हापुरात दस्तगीर उस्तादांच्या शेडमध्ये जुन्या मोटारी नव्यासारख्या करून मिळायच्या. त्यातलीच ही करडी मोटार एक पावसाळा काढून परत आली होती. मडगार्ड जिथं बॉडीला बसतं, तिथं रंगाला फोड आले होते.

तो सांधा रेवणनं बसवलेला.

हौसा इथं अठरा वर्षं पत्रा घासत होती. रेवण तिच्या मानानं परवाचा आलेला. तरी सांधे त्याच्याकडे गेले, आणि उस्ताद आपल्या कपातला चहा बशीत ओतून द्यायचे तोही त्यालाच. हे तिला खुपायचं. त्यानं आतून गंज अडवणारा प्रायमर मारलेलाच नाही, असं ती भेटेल त्याला सांगत सुटली होती.

गाडीच्या मालकाचा निरोप आला होता. ज्याच्या हातून हे झालं त्याचं नाव कळवा, तो हात माझ्या दुसऱ्या गाडीला लागता कामा नये.

"चुकलं असेल माझं," रेवण खाली बघत म्हणाला.

"घ्या. कबूलच केलं."

उस्तादांनी नटबोल्ट ढिले करून मडगार्ड उतरवलं.

दोन्ही पत्र्यांवर आतून प्रायमर होता. मधलं पाणी अडवणारं सीलर अजून मऊ होतं. फक्त एका जागी, बोटभर, ते उचकटलेलं होतं. खाली रंग खरवडलेला. गंज तिथूनच पसरला होता.

उस्तादांनी रेवणला मडगार्ड जागेवर टेकवून धरायला लावलं. हौसाच्या हातात स्क्रूड्रायव्हर दिला.

"बंद सांध्यात प्रायमर आहे का नाही, कसं बघायचं? दाखव."

ती वाकली. हात आपसूक गेला. टोक त्या उचकटलेल्या जागी चपखल बसलं.

"एकदाच उचकटून बघितलं होतं," ती म्हणाली.

"होता प्रायमर?"

"...होता."

"मग तसं कुणाला सांगितलंस?"

हौसानं पदरानं तोंड पुसलं. मग एकदम मान वर केली.

"पण पाणी त्याच्याच सांध्यात शिरलं ना?"

उस्तादांनी फोन उचलला, मालकाचा नंबर लावला.

"साहेब, नाव लिहून घ्या... हौसा."