बाजारातली फक्की

एकदा एक तरुण नगररचनाकार पेढ्यांचा पुडा घेऊन आपल्या वृद्ध गुरूंकडे आला. स्वारी भलतीच खुशीत होती. दवाखान्याकडे जाणाऱ्या नव्या रस्त्याचा आराखडा त्याने केला होता, हरकतींची मुदत संपत आली होती, आणि हरकत? एकही नाही!

"तोंड गोड करा, गुरुजी! मागचा रस्ता कोर्टाच्या स्थगितीत अडकला तो अडकलाच. आजारी माणसं अजून चिखल तुडवताहेत. हाही अडकला असता तर गावाला तोंड दाखवायची सोय नव्हती. पण या खेपेला कुणी हूं की चूं केलं नाही."

"सूचना कुठे लावलीस?" गुरुजींनी विचारले.

"नियमाप्रमाणे. कार्यालयाच्या फलकावर."

"म्हणजे त्या जिन्याखाली? झाडू ठेवतात तिथे?"

शिष्याने मान खाली घातली. गुरुजींनी पुडा कोनाड्यात ठेवून दिला.

"पेढा नंतर खाऊ. आधी रेघा आखायच्या पांढऱ्या फक्कीचं पोतं आण. आज बाजार आहे."

आता पाहा गंमत! भर बाजारात गुरुजी धोतराचा सोगा खोचून पुढे चालले, आणि जिथून रस्ता जायचा तिथे पांढरी रेघ ओढत गेले. रेघ धान्याच्या व्यापाऱ्याच्या ओट्यावर चढली मात्र, व्यापारी कडाडला, "अहो, माझ्या पोटावर पाय? मी कोर्टात जाईन!"

"अवश्य जा," गुरुजी हसून म्हणाले. "पण आधी रेघ कुठून हवी ते दाखवा."

व्यापाऱ्याने तावातावाने पायानेच रेघ पुसली आणि पलीकडे सरकवली. ती गेली थेट कासारणीच्या दारात. "वा रे वा! तुमचा ओटा वाचला, माझ्या बांगड्या फुटू देत होय?" तिने कमरेला पदर खोचला. झाले! सारा बाजार गोळा झाला. शिष्याला तर धरणी पोटात घेईल तर बरे असे झाले.

भांडता भांडता कुणीतरी म्हणाले, "अरे, तो कोंडवाडा कशाला राखताय? तिथे जनावर कोंडल्याला जमाना झाला!" कागदावर कोंडवाडा अजून चालूच होता. कासारणीने पोते ओढून घेतले आणि रेघ स्वतः तिकडे वळवली. व्यापारी पुटपुटत राहिला, "तरी ओट्याची एक पायरी जातेच. कोर्टात जाईनच मी."

परतताना शिष्य हिरमुसून म्हणाला, "गुरुजी, झोपलेलं भांडण तुम्ही का उठवलंत?"

"अरे, ते झोपलं नव्हतं. ते बाजारात जागंच होतं, तू सूचना जिन्याखाली लावलीस म्हणून तुला दिसलं नाही. घर बांधताना आपण आधी फक्की का टाकतो? घरच्या बाईला सांगता यावं, चूल इथे नको, तिथे हवी. फक्की पायाने पुसता येते. भिंत उठली की पाडावी लागते. तुझ्या मागच्या रस्त्याच्या वेळी लोक भिंत उठल्यावर जागे झाले. मग कोर्टाखेरीज त्यांनी जावं कुठे?"

"पण व्यापारी जाणारच म्हणतो."

"जाऊ दे की! त्याचा हक्क आहे तो, राग धरू नकोस. न्यायाधीश तुला विचारतील, लोकांना विचारलं होतंस का? तेव्हा तुला काय सांगता येईल?"

शिष्य थबकला. बाजारातला तो कलकलाट आता त्याला नकोसा वाटेना. तो मनापासून हसला.

दुसऱ्या दिवशी व्यापारी कार्यालयात आला. हरकत लेखी होती. शिष्याने त्याला खुर्ची दिली, चहा मागवला आणि हरकत वाचतच थेट गुरुजींचे घर गाठले.

"गुरुजी, पहिली हरकत आली!"

गुरुजींनी कोनाड्याकडे हात केला. "आण आता तो पेढा."