हाळावर सरकणारी रांग

फार पूर्वी एका माळावर एक धनगर आणि त्याची बायको राहत होती. मूलबाळ नव्हतं, पण कळपातल्या मेंढ्यांना दोघं लेकरांसारखं जपायची. त्यातही टिकली नावाच्या मेंढीवर धनगराचा भारी जीव. ती जन्मली त्याच दिवशी तिची आई गेली, तेव्हा यानेच तिला घोंगडीत गुंडाळून, बोट चोखायला देऊन वाढवलं होतं. आता टिकलीलाही एक कोकरू झालं होतं.

त्या वर्षी कळपात तोंडाला फोड येण्याचा रोग शिरला. एकीला झाला की तिच्या शेजारणीला होणारच. आजारी मेंढी लवकर ओळखून वेगळ्या वाडग्यात, म्हणजे काट्यांच्या कुंपणात, ठेवायची, एवढाच काय तो इलाज.

रोज सकाळी विहिरीजवळच्या लांबलचक दगडी हाळावर मेंढ्या पाणी प्यायला ओळीने उभ्या राहत. वरच्या टोकाला बायको पोहऱ्याने पाणी ओतायची. धनगर तिथूनच तपासत निघायचा. एकीचं तोंड बघायचं, एक पाऊल पुढे टाकायचं. आजारी सापडली की तिच्या जागी काठी रोवायची, तिला वाडग्यात सोडून यायचं आणि काठीच्या पुढच्या मेंढीपासून पुन्हा सुरुवात. माणूस मोठा शिस्तीचा!

तरी रोग काही हटेना. धनगराने देवाला नवस बोलून पाहिले, वाऱ्याला शिव्या देऊन पाहिल्या.

एके संध्याकाळी टिकलीचं कोकरू भुकेने ओरडू लागलं. टिकलीचं दूध आटलं होतं. धनगराने तिचं तोंड उघडलं, तर आत फोडच फोड, आणि तेही जुने. त्याचे डोळे भरून आले.

"तुला तर मी रोज बघतोय गं पोरी! मग हे मला दिसलं कसं न्हाई?"

बायकोने कोकराला शेळीचं दूध पाजलं. दुसऱ्या दिवशी पाणी ओतताना मात्र ती नवऱ्याच्या पावलांवर नजर ठेवून होती. एका आजारी मेंढीला सोडून तो परतला आणि काठीच्या पुढे निघाला, तशी ती ओरडली, "अवं, थांबा! आत्ता नेली तिच्या शेजारची कुठं हाय?"

"ही काय, काठीच्या पुढं."

"न्हाई, ती माघारी राहिली. ताजं पाणी माझ्याकडं, म्हणून समद्या वर सरकत्यात. तुमी एकीला काढलं की शेजारीण तिच्या जागंवर येती. तुमची काठी जागच्या जागी, पर मेंढ्या हलल्या की! जिला आधी बघायचं, तिलाच तुमी रोज सोडून जाताय."

धनगराने रोवलेली काठी उपटली. टिकलीच्या शेजारणी रोज एकेक करून त्यानेच तर वाडग्यात नेल्या होत्या, आणि दर वेळी टिकली तपासायची राहिली होती.

"मग करू काय? आजारी असून तशीच ठेवू व्हय?"

"पाणी पिऊन हुईस्तोवर ठेवा. आदी पुरती रांग बघा, कुणाला हलवू नका. आजारी दिसली की पाठीवर गेरूचं बोट ओढा. रांग संपली की मग काढा समद्या खुणेच्या."

दुसऱ्या दिवशी त्याने तसंच केलं; आधीच वाडग्यात ठेवलेल्या टिकलीच्या पाठीवरही खूण केली. आजारी मेंढी दिसली की हात शिवशिवायचे, पण त्याने नुसतं गेरूचं बोट ओढलं आणि पुढे गेला. शेवटी खुणेच्या मेंढ्या वाडग्यात नेल्या, तेव्हा मागे एकही आजारी उरली नव्हती. हळूहळू रोग विझला.

टिकली बरी व्हायला बराच काळ लागला. अखेर एका सकाळी कोकरू तिच्या कुशीत शिरलं आणि शेपूट हलवत दूध पिऊ लागलं. धनगराने तिच्या पाठीवरचा गेरू आपल्या घोंगडीने पुसला.

"आता तुला सोडून फुडं जायचो न्हाई," तो म्हणाला.

या गोष्टीचं तात्पर्य: रांग तपासता तपासताच तिच्यातून काही काढू नये. आधी सगळी पाहावी, खुणा कराव्या आणि मग हात घालावा. नाहीतर जिला आपली सर्वांत जास्त गरज असते, तीच नजरेतून निसटते.