पुढची एक ओवी

"म्हणजे कादंबरी आवडली की नाही, ते एकदा सांगून टाका की मास्तर!"

निवृत्तीबुवांनी बसक्या आवाजात विचारलं. पोथी वाचून घसा बसला होता. मंडळी उठून गेली होती. आम्ही तिघेच मठात.

विश्राम मास्तरांनी ते जाडजूड पुस्तक मांडीवर आपटलं. एका सरदार घराण्याची, चार पिढ्यांची गोष्ट. आमच्यात मास्तरांइतकं वाचलेला कुणी नाही, आणि हे ते आम्हाला विसरूही देत नाहीत.

"सुरुवात झकास, बुवा. टापा ऐकू येतात. पुढे मात्र आजोबाचंच नाव नातवाला, नातवाचंच पुतण्याला... कोण कुणाचा काका, बोटं मोजत बसा! भाऊबंदकी तर संपता संपत नाही. वैतागलो. पण खाली ठेववेना. त्या उमाबाईमुळे. ती थोरली सून..."

मास्तरांनी चष्मा काढला.

"गेली ती. साथीत. आणि पान उलटतो, तर पुढच्या प्रकरणाचा पहिला शब्द काय? मांडवात! लेखकाला काही काळीज? तिथेच पुस्तक मिटलं मी. महिना झाला."



मास्तरांची बायको गेल्या दिवाळीआधी गेली. मुलाचं, श्रीधरचं, लग्न तेव्हा ठरलेलं होतं. वर्षाच्या आत कार्य उरका, नाहीतर तीन वर्षं थांबा, ही आमच्याकडची रीत. वर्ष सरत आलं. मुलीचे वडील दोनदा खेटे घालून गेले. मास्तर हो म्हणेनात, नाही म्हणेनात. श्रीधर बिचारा बापापुढे तोंड उघडत नाही.

"मघाशी अध्याय संपला," बुवा म्हणाले. "मग मी काय केलं?"

"पुढच्या अध्यायाची पहिली ओवी वाचलीत आणि पोथी बांधलीत. नेहमीचंच. संपल्या जागी थांबायचं नसतं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे."

"घसा दुखत होता हो माझा... तरी वाचली."

"ते पोथीचं, बुवा. ही कादंबरी."

"बरं."

बुवांनी पुस्तक घेतलं, दुमडलेलं पान उघडलं आणि मास्तरांसमोर धरलं.

"एकच ओळ वाचा. मग खुशाल मिटा."

"नको, बुवा. दमलोय मी."

"मीही दमलोय. वाचा."

मास्तरांनी चष्मा चढवला.

"'मांडवात लेकाच्या लग्नाची पंगत बसली, तेव्हा थोरल्यांनी आपल्या शेजारी उमाबाईंचा पाट मांडायला लावला, आणि तो शेवटपर्यंत... रिकामाच...'"

मास्तर रडले. लहान मुलासारखे, नाक ओढत. खरं सांगतो, मला बरं वाटलं. वर्षभर हा माणूस नुसती मतं देत होता.

बुवांनी पुस्तक मिटलं. पोथीसारखंच कपाळाला लावलं आणि परत त्यांच्या मांडीवर ठेवलं.



मग बुवा गुडघ्यावर हात टेकून कण्हत उठले.

"मास्तर, पंगतीला घरात पाट पुरतील, की मठातले धाडू?"