छपराखालची पोती

भोकावर रंग फासला की भोक बुजतं, असं मानणारी माणसं आमच्या गावात कमी नाहीत. त्यांचे मुकुटमणी उद्धवराव नरवडे, शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष. शाळेच्या छपरासाठी सरकारी निधी आला आणि काम मिळालं त्यांच्या मेहुण्याला. मेहुण्याने जुन्याच पत्र्यांना लाल रंग दिला. आता समितीने काम पसंत असल्याचा ठराव केला, की पैसे त्याच्या खिशात. संशय सगळ्यांना होता, पण उद्धवरावांपुढे बोलणार कोण?

समितीच्या बैठकीत पालक-सदस्य शेवंताबाई वानोळे उठल्या. त्यांची मुलगी दुसरीत होती.

"अध्यक्षसाहेब, पावसाळ्यात गळणार नाही ना?"

"थेंब येणार नाही! माझ्या गोदामापेक्षा पक्कं काम आहे."

"मग ठरावात एवढं घाला. भाव वाढेल म्हणून तुम्ही सोयाबीन राखून ठेवलंय. ती पोती पावसाळाभर वर्गात ठेवा, लेकरं तुमच्या गोदामात बसतील. भाडं कुणीच कुणाला द्यायचं नाही."

कुणी हसलं नाही. सगळे उद्धवरावांच्या तोंडाकडे बघत राहिले. मुख्याध्यापकांनी पेनाचं टोपण काढलं. "लिहू का, साहेब?"

"थांबा हो! सोयाबीनला ओल लागली तर मातीमोल होतं."

"आणि लेकरांना लागली तर?"

उद्धवरावांनी बैठक तहकूब केली. आठवडाभरात मेहुण्याने कोरे पत्रे ठोकले.

पुढच्या बैठकीत ठरावाला हात वर करण्याआधी शेवंताबाईंनी विचारलंच, "मग पाठवताय ना पोती?"