घाण्याचा बैल आणि तेल्याचं जू

फार जुन्या काळी, गावोगावी तेलाचेच दिवे लागत तेव्हा, एक तेली होता. त्याचं तेल चोख, बैल गुणी, बायको समजूतदार. आणि मुलगी ठकी तर नुसती पाखरू! संध्याकाळी घाणा थांबला की ती बैलाला गुळाचा खडा भरवायची आणि बापाच्या मांडीवर येऊन बसायची.

एकदा एका गिऱ्हाइकानं नाक मुरडलं. "तुझ्या तेलाला वास येतो!" एवढं बोलून, तेच तेल घेऊन ते गेलंसुद्धा.

तेल्याच्या डोक्यातून मात्र ते वाक्य जाईना. घाण्याभोवती बैलामागून तो दिवसभर तेच बडबडत फिरला. जेवतानाही तेच. "अहो, भाकरी निवतेय," बायको म्हणाली, तर तिच्यावरच खेकसला. मग रोज काही ना काही खुपायचं, आणि रोज ते त्याच्याबरोबर घरात यायचं.

एके संध्याकाळी ठकी गूळ घेऊन आली. बापाचा चेहरा पाहिला आणि गूळ तिथेच टाकून कडब्याच्या गंजीमागे लपली.

तेल्यानं ते पाहिलं. बैलाला सोडता सोडता तो पुटपुटला, "माझीच पोर मला भिते रे!"

बैल म्हणाला, "धनी, मी दिवसभर गोल फिरतो. पण गोठ्यात आल्यावर कधी फिरताना पाहिलंत मला?"

"कसा फिरशील? मी तुझं जू उतरवतो, डोळ्यांवरची झापडं काढतो, खांदा चोळतो."

"मग तेवढी माया स्वतःवरही करा की! तुमचा घाणा अजून चालूच आहे."

गंजीमागून ठकीनं हे सगळं ऐकलं.

दुसऱ्या दिवसापासून तेली हातपाय धुऊन बैलाशेजारी बसू लागला. काय खुपलं ते त्याला सांगायचा, स्वतःचा खांदा चोळायचा आणि मग घरात जायचा. सुरुवातीला काही जमेना. उंबऱ्यावर पाय ठेवला की राग पुन्हा आठवायचा, आणि बिचारा परत गोठ्यात! बैल रवंथ करत सगळं पुन्हा ऐकून घ्यायचा. अशी गुणी जनावरं आता कुठे मिळतात?

हळूहळू जमलं. मग एक दिवस तेच गिऱ्हाईक आलं, पुन्हा नाक मुरडलं आणि पुन्हा तेल घेऊन गेलं.

त्या संध्याकाळी ठकी गोठ्यात आली. मुठीत गुळाचे दोन खडे होते. एक तिनं बैलाला भरवला. दुसरा हातात धरून तिनं लांबूनच विचारलं, "बाबा, तुमचं जू उतरलं?"

"उतरलं गं, बाळा."

तेव्हा कुठे ती मांडीवर येऊन बसली.

तर लहानथोरांनो, मनावरचं ओझं रोजच्या रोज उतरवावं; नाहीतर ते आपल्याच माणसांच्या खांद्यावर जाऊन बसतं.