शंभुगिरींची छाटी

“उंदीर खातो, पिल्लं घालतो, मरतो. माणूसही तेच करतो. की त्याच्या जगण्याला याच्या पलीकडे काही अर्थ आहे? तेवढं एक सांगा, महाराज.”

शंभुगिरी महाराज चुलीपुढे उकिडवे बसून फुंकणी फुंकत होते. लाकडं काही केल्या पेट घेईनात. धुरानं डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, आणि हा गडी मागे उभा राहून उंदरांचं पुराण लावून बसला होता.

“सरक जरा. वारा अडतोय,” महाराज म्हणाले.

यशोधन सरकला आणि तिथून पुन्हा तेच विचारू लागला.

तालुक्याच्या कॉलेजात तो जीवशास्त्र शिकवायचा. दिवाळीनंतर एक पिशवी घेऊन टेकडीवरच्या या मठात आला, महाराजांच्या पाया पडला, आणि तेव्हापासून या एका प्रश्नानं त्यानं म्हाताऱ्याला नुसतं भंडावून सोडलं होतं. गाईची धार काढताना तोच प्रश्न. नदीवर आंघोळीला गेलं तरी तोच. परवा महाराजांच्या टाचेत बाभळीचा काटा मोडला, तर हा हातात सुई धरून विचारतो, वेदनेचा हेतू फक्त शरीर राखणं एवढाच का? आता काय बोलावं अशा माणसापुढे! काटा राहिला तिथंच.

“महाराज, मी काहीतरी विचारलं.”

“ऐकलं.”

“मग?”

“मला नाही ठाऊक.”

यशोधन क्षणभर गोंधळला. मग त्याचा चेहरा उजळला.

“कळलं. ही माझी परीक्षा आहे.”

महाराजांनी कपाळाला हात लावला. हाताची काजळी कपाळभर झाली, पण त्यांना त्याचं भान नव्हतं.

“अरे बाबा, परीक्षा तुमच्या कॉलेजात. इथं चूल पेटत नाहीये.”

“मला दीक्षा द्या.”

“कशाला?”

“घरात राहून उत्तर मिळायचं नाही म्हणून. मी सगळं सोडून आलोय.”

“सगळं म्हणजे काय?”

“नोकरी. घर …”

“घरी कोण आहे?”

यशोधन घुटमळला.

“बायको. केतकी.”

“तिला सांगून आलास?”

“सांगितलं. ती रडली. तिचे … तिचे दिवस भरत आलेत.”

फुंकणी थांबली.

“काय म्हणालास?”

“आता केव्हाही बाळंत होईल.”

महाराजांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे इतके दिवस हा शहाणा आपल्या हातची भाकरी खाऊन उंदरांवर प्रवचनं देत होता, आणि तिकडे पोटुशी बाई दाराकडे डोळे लावून बसली होती! ती फुंकणी त्याच्या पाठीत घालावी, असं त्यांना अगदी मनापासून वाटलं.

“आणि तू इथं?”

“म्हणूनच इथं!” यशोधनचा आवाज चढला. “वर्गात मीच पोरांना सांगतो, प्रत्येक जीव आपल्यासारखा दुसरा जीव मागे ठेवायला धडपडतो. बस्स. डॉक्टरांनी पडद्यावर बाळाचं हृदय दाखवलं, तेव्हा केतकी हसत होती. आणि मला वाटलं, आणखी एक पोट. खाईल, वाढेल, मरेल. उद्या त्यानं विचारलं, मला कशाला आणलंत, तर मी काय सांगू?”

…

“मला भीती वाटते हो, महाराज. त्याच्या तोंडाकडे बघायची भीती वाटते.”

महाराजांनी फुंकणी खाली ठेवली. पोरगा खोटं बोलत नव्हता, हे त्यांना दिसत होतं, आणि त्यामुळे तर ते जास्तच वैतागले. ढोंगी असता तर कधीच हाकलून दिला असता.

“एक तर उत्तर द्या,” यशोधन म्हणाला, “नाहीतर दीक्षा द्या. त्याशिवाय मी इथून हलणार नाही.”

“नाही हलणार?”

“नाही.”

“बरं.”

महाराज गुडघ्यावर हात टेकून उठले आणि आत खोलीत गेले. बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात त्यांची स्वतःची जुनी छाटी होती. वर्षानुवर्षं धुऊन भगवा रंग पार उडालेला, कापड सायीसारखं मऊ पडलेलं. गुरूच्या अंगावरची छाटी शिष्याला मिळायची म्हणजे केवढा मान! यशोधनला हुंदकाच फुटला. त्यानं अंगातला शर्ट काढला, अंगणात गुडघे टेकले, डोळे मिटले, मान खाली घातली, आणि खांद्यावर छाटी पडायची वाट बघत राहिला.

…

चर्रर्र.

त्यानं दचकून डोळे उघडले.

महाराजांनी छाटीचं एक टोक दातात धरलं होतं आणि दुसरं हातानं ओढत होते.

“महाराज! अहो, काय करताय हे? माझी छाटी …”

“तुझी कुठली?” चर्रर्र. “हा तुकडा धर.”

“पण दीक्षा …”

“धर म्हणतो ना! आणि हा. हाही धर.” चर्रर्र. “नवं कापड टोचतं लेकराला.”

यशोधननं हातातल्या चौकोनी तुकड्यांकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

“बाळुती?” त्याच्या तोंडून जेमतेम आवाज आला.

महाराजांनी उरलेली छाटी फाडून संपवली, तुकड्यांची चळत त्याच्या ओंजळीत कोंबली, आणि जमिनीवरचा शर्ट उचलून त्याच्या खांद्यावर टाकला.

“खालच्या फाट्यावर दुपारची एसटी येते. पळ.”

यशोधन उठला. बाळुती छातीशी धरून चार पावलं चालला. महाराजांना वाटलं, सुटला एकदाचा! पण छे. कुंपणापाशी पोचल्यावर स्वारी पुन्हा वळली.

“पण महाराज … माझा प्रश्न?”

महाराज मठाकडे वळले होते. मागे न बघताच ते ओरडले,

“ओलं झालं की बदलायचं!”