अळणी गल्लीतली मिठाची वाटी

स्टेशनच्या पूर्वेला उतरून भाजीबाजार ओलांडला, की खाडीकडे जाणारी एक अरुंद वाट लागते. तिला अळणी गल्ली म्हणतात. पाटीवर दुसरं नाव आहे, ते कोणी घेत नाही. गल्ली असेल दोनशे पावलांची. पण तेवढ्यात आगरी खानावळ आहे, इडलीवाल्यांची दोन दुकानं आहेत, मालवणी घरगुती जेवण आहे, गुजराती थाळी आहे, लिट्टी-चोखा आहे आणि कोपऱ्यावर खिमा-पावाची जागा आहे. रविवारी लांबलांबून माणसं येतात. थोडक्या पैशात पोटभर खातात, मग बांधावर जाऊन खाडीतले रोहित पक्षी बघतात, मुलांना होडीतून एक फेरी मारून आणतात आणि उन्हं उतरली की घरी जातात. गरिबाची सहल म्हणतात तिला. मला ते नाव आवडतं.

तुम्हीही तसेच आलात, म्हणून आधीच सांगून ठेवतो. इथे कुठेही बसलात तरी पहिल्या घासाला तुम्हाला वाटेल, मीठ विसरले. कोणी विसरलेलं नाही. आमटी असो, सांबार असो की खिमा, या गल्लीत चुलीवर जे चढतं ते अळणीच चढतं. टेबलाच्या मधोमध खड्याच्या मिठाची वाटी असते. ज्याने त्याने आपल्या हाताने घ्यायचं. शेजारच्याच्या पानात आपण घालायचं नाही. बायकोने नवऱ्याच्या पानात नाही, आईने लेकराच्याही नाही. मूल लहान असलं तर त्याचा हात धरून वाटीपर्यंत न्यायचा, चिमूट त्याची त्याने उचलायची.

असं का, ते आमच्या मोठ्या माणसांनी आम्हाला सांगितलं. त्यांना त्यांच्या मोठ्यांनी. किती वर्षं झाली ते मला नेमकं सांगता येणार नाही.

आता या इमारती दिसतात तिथे तेव्हा मिठागरं होती. भरतीचं पाणी बांधातून आत घ्यायचं, वाफ्यांत अडवायचं, उन्हाने आटलं की खाली उरलेलं मीठ फावड्याने ओढून ढीग लावायचे. काम फार कठीण. पाय फुटत, डोळे जळत. म्हणून या कामाला जवळची माणसं थोडी आणि लांबची फार. एका मिठागरावर तेव्हा अकरा गडी होते म्हणे, आणि अकरांची गावं अकरा. कोणी वलसाडकडचा, कोणी मद्रासकडचा, कोणी मालवणचा, कोणी गंगेच्या काठचा. एकाची भाषा दुसऱ्याला यायची नाही. सगळे मिळून जी बोलत, ती कोणाच्याच घरची नव्हती.

या अकरांचं जेवण धाकलीबाय करायची. ही इथलीच, आगरी. नवरा उधाणात बांध सावरायला गेला तो परत आला नाही. मिठागराच्या कडेला तिची झोपडी होती आणि पदरात एकच पोर, सुकरी. आठ वर्षांची.

अकरा गड्यांची अकरा घरं लांब राहिली होती. तिथे त्यांचीही पोरं होती. ती दिवाळीनंतर दिसायची नाहीत, ती थेट पाऊस तोंडावर आला की. मधले सात-आठ महिने जी काय माया साठायची ती सगळी या एका पोरीवर. चिनप्पा मद्रासी तिला खांद्यावर घेऊन फिरायचा. त्याच्याकडून ती दहापर्यंत आकडे शिकली. वलसाडच्या भीखाभाईकडून दोन-तीन शिव्या शिकली. मालवणचा दाजी तिला चिडवायचा, "सुकरे, तुझा लग्न मी खारवलेल्या बांगड्याशी लावणार." त्यावर ती म्हणायची, "आनी तुजा बोंबलाशी. तू पन तसाच सुकलास." मग सगळे हसायचे.

पोरीला एक सवय होती. दुसरी पोरं जांभळं खातात तशी ही मीठ खायची. ढिगावरून एक खडा उचलायचा, तळव्यावर ठेवायचा आणि चाटत बसायचं. मिठागरावरच्या पोरीचं त्यात कोणाला काय वाटणार?

एका वर्षी होळीच्या सुमाराला ती सुजली. आधी डोळ्यांखाली, मग पायांवर. बोट दाबलं की खड्डा पडे आणि तो भरून यायला वेळ लागे. धाकलीबायने पलीकडच्या तीरावरून वैद्याला होडीत घालून आणलं. वैद्याने नाडी बघितली, पोट बघितलं आणि म्हणाला, "सव्वा महिना मीठ बंद. एक कण नको. पाळलंस तर पोर उठेल. नाही पाळलंस तर मला बोलावू नकोस."

त्या संध्याकाळी सगळे पंगतीला बसले. सुकरीच्या ताटलीत अळणी भात. तिने एक घास घेतला, बाकीच्यांच्या कालवणाकडे बघितलं आणि ताटली ढकलून दिली. "सगल्यांना खारा, नि मनाच नाय?" म्हणाली आणि रडायला लागली. सुजलेल्या डोळ्यांतून पाणीसुद्धा नीट येत नव्हतं.

दाजीने आपलं पान बाजूला सारलं. "वैनी," तो म्हणाला, "उद्यापासून आमच्यातय मीठ घालू नका."

"तुला झेपेल काय, दाजी?" भीखाभाई म्हणाला. "तू तो चहामां पण मीठ टाके एवो माणूस."

"तू गप ऱ्हव. तुझ्या आमटीत साखर, भाजीत साखर. मीठ असला काय नि नसला काय, तुका कळतला?"

"अक्का, मी खाते अळणी," चिनप्पा म्हणाला. "दाजी दोन दिवसात रडते, बघ."

सुकरीला हसू आलं. ते बघून सगळ्यांनी चुलीच्या दगडावर हात ठेवले, आणि पोर उठेपर्यंत कोणी मीठ खायचं नाही असं ठरलं. असं सांगतात, की त्या वर्षी या मिठागरावर दिवसभर माणसं गुडघाभर मिठात उभी असायची आणि संध्याकाळी अळणी जेवायची. दुसऱ्या मिठागरावरचे गडी त्यांना हसायचे. हे ऐकून घ्यायचे.

पंधरा दिवसांत सूज उतरली. पोरीचा चेहरा पुन्हा पोरीसारखा दिसायला लागला. चिनप्पा तिला दुपारच्या सुट्टीत खांद्यावर घेऊन बांधावर नेई, पक्षी दाखवी, परत आणी. ती येता-जाता सगळ्यांशी बोले. याच्याजवळ थोडा वेळ बस, त्याच्याजवळ थोडा वेळ बस. धाकलीबायने देवीला नारळ बोलला.

आणि मग सूज परत आली. या वेळी पोटात आली.

धाकलीबायने पुन्हा होडी पाठवली. वैद्य बोलावू नकोस म्हणाला होता, तरी आला. पोरीचं पोट दाबून बघितलं. मग बाहेर येऊन सगळ्यांसमोर म्हणाला, "हिला कोणीतरी मीठ देतंय. बाई, ज्याची माया जास्त त्याच्यावर लक्ष ठेव."

अकरांनी एकमेकांकडे बघितलं, आणि दहा जणांची नजर चिनप्पावर जाऊन थांबली.

"काय रे," दाजी उठून म्हणाला, "पोर रोज खांद्यावर घेऊन फिरतंस. कमरेक काय बांधलंस? दाखव." त्याने चिनप्पाची लुंगी झटकली, कनवटी उघडायला लावली. आत विडीची दोन थोटकं निघाली.

चिनप्पा लुंगी सावरत मागे झाला. धाकलीबायकडे वळला. "अक्का, तू विचार. तू विचारली तर मी सांगते."

धाकलीबायने विचारलं नाही. ती चुलीवरच्या टोपाकडे बघत राहिली. तिने का विचारलं नाही, हे तेव्हा कोणाला कळलं नाही. त्या दिवसापासून चिनप्पा आपलं पान घेऊन बाहेर बसायला लागला आणि कोणी त्याला आत बोलावलं नाही.

सुकरी नंतर नऊ दिवस होती. गुढीपाडवा झाल्यावर एका दुपारी, वाफ्यांवर ऊन भरलेलं असताना, ती गेली. आईच्या मांडीवर गेली. तिची उजवी मूठ मिटलेली होती. न्हाऊ घालताना बायकांनी ती उघडली तर आत मीठ होतं. घामाने विरघळून चिकट झालेलं, थोडंसं. मीठ कोणी दिलं हे मिठावर लिहिलेलं नसतं.

बाराव्याला धाकलीबायने गड्यांना जेवायला बोलावलं. भात, डाळ, दोन भाज्या, सगळं अळणी. अकरा पत्रावळी मांडल्या. चिनप्पा बाहेर उभा होता, त्याला स्वतः जाऊन हाताला धरून आत आणलं आणि सगळ्यांत बसवलं. बारावी पत्रावळ तिने आपल्यासाठी मांडली. मग एका वाटीत मीठ भरून ती वाटी पंगतीच्या मधोमध ठेवली.

"पोर गेली," ती म्हणाली. "आता कोनचा नेम ऱ्हायला नाय. मीठ खा. पन एक सांगते. ज्यानी माझे पोरीला मीठ दिला नाय, त्यानी घ्या."

सगळ्यांना वाटलं, दहा हात पुढे येतील आणि एक मागे राहील. दाजी चिनप्पाकडे बघत होता. पण त्याचा स्वतःचा हात मांडीवरून उठत नव्हता. तो एकदा पुढे झाला म्हणे, वाटीपर्यंत गेला आणि परत आला. भीखाभाई खाली मान घालून बसला होता. गंगेकाठचा म्हातारा गडी भिंतीकडे तोंड करून बसला. वाफाळता भात निवत गेला. वाटी भरलेली तशीच राहिली. एकही हात पुढे आला नाही.

पहिला भीखाभाई बोलला. "एकच कणी, बेन. हात पसरून मागती होती. एकच वार दिधी."

मग दुसरा बोलला, मग तिसरा. सगळ्यांचं तेच. एकदाच. एवढासा खडा. आयेला सांगू नको म्हणाली. प्रत्येकाला वाटलं होतं, आपण एकट्यानेच दिलंय, आणि एका कणीने काय होतंय. मिठाच्या डोंगराखाली राहणाऱ्या माणसाला एक कणी म्हणजे काय वाटणार? पोर मात्र रोज सगळ्यांकडे जात होती.

चिनप्पाने सांगितलं, त्यानेही दिलं होतं. एकदाच. दाजी उठला, आपली पत्रावळ उचलली आणि चिनप्पाच्या शेजारी जाऊन बसला.

सगळ्यात शेवटी त्यांना दिसलं, की धाकलीबायनेही वाटीतलं मीठ घेतलेलं नाही.

"दोन दिवस पेज गिलत नव्हती," ती म्हणाली. "मी पन टाकला. चिमटीभर."

असं सांगतात, की त्या पंगतीत बराच वेळ कोणी कोणाकडे बघू शकलं नाही. मग धाकलीबायनेच भात कालवला. अळणीच. ती पहिला घास घेऊन म्हणाली, "आता यापुढं माझे चुलीवर मीठ नाय. मधी वाटी ठेवीन. ज्याचा त्यानी घ्यावा, दुसऱ्याला देऊ नये. माया करायची तं दुसऱ्या कशानी करा."

आताचे डॉक्टर ही गोष्ट ऐकतात तेव्हा सांगतात, की एवढ्याशा मिठाने असं होत नाही. मूळ दुखणंच मोठं असेल, पोर तशीही राहिली नसती. असेलही. शिकलेली माणसं आहेत, खरंच बोलत असतील. पण त्या बारा जणांना तेव्हा हे सांगायला कोणी नव्हतं. ते तसेच जगले आणि तसेच गेले.

पुढे मिठागरं बुजली, भराव पडला, वस्ती आली. गडी म्हातारे झाले. वाकून फावडं ओढणं होईना, तेव्हा ज्याला जे रांधता येत होतं ते त्याने मांडलं. चिनप्पाने इडलीची गाडी लावली. त्याच्या बाजूला दाजीने बायकोला गावाहून आणून खानावळ काढली. भीखाभाईने थाळी सुरू केली. धाकलीबायची चूल तर होतीच. प्रत्येकाने मधोमध वाटी ठेवली. नंतर जे बाहेरून आले, पंजाबी, मल्याळी, बिहारी, त्यांना कोणी जबरदस्ती केली नाही. गोष्ट ऐकली आणि त्यांनीही ठेवली. एकाने नाही ठेवली असं मला माहीत नाही.

माया करायला इथल्या लोकांनी दुसरं बरंच काही शोधलं. तुम्ही न मागता तुमच्या पानात जास्तीचा भात पडेल, चटणी पडेल, लहान मुलाच्या हातात गुळाचा खडा ठेवतील. त्याला नाही म्हणू नका.

आजही चैत्रात सुकरीच्या नावाचा एक दिवस असा असतो, की गल्लीतली सगळी दुकानं उघडी असतात, वाट्या काठोकाठ भरून टेबलांवर ठेवलेल्या असतात आणि कोणी त्यांना हात लावत नाही. आगरी नाही, मद्रासी नाही, मुसलमान नाही. त्या दिवशी सहलीला आलेली माणसंही शेजारच्या टेबलांकडे बघतात आणि न विचारता अळणी जेवतात. ऊन कललं की प्रत्येक दुकानातून एकेक जण आपली वाटी घेऊन निघतो. ओळीने सगळे बांधावर जातात, आणि ज्या पाण्यातून ते मीठ आलं होतं, त्या पाण्यात ते परत सोडून येतात.